खानदेशात नवी ईव्ही: किलोमीटर सोडा, युनिट मोजा

इलेक्ट्रिक गाडी दारात आली की पहिले काही दिवस घरातल्या सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर असते, तो म्हणजे स्क्रीनवर उरलेले किलोमीटर. रात्री २८० दिसतात, सकाळी २६५, एसी लावला की २३०. गाडी हा आकडा मुख्यतः मागच्या चालवण्यावरून काढते. पुढे घाट आहे, वारा समोरून आहे, डिकीत गव्हाची पोती आहेत, हे त्या हिशेबात धड येत नाही. त्या आकड्याच्या भरवशावर जळगावहून नाशिकला निघालेला माणूस मालेगावपाशी एसी बंद करून घाम पुसत बसतो.

त्याऐवजी युनिट मोजा. एक किलोवॉट-अवर म्हणजे एक युनिट. बॅटरी युनिटमध्ये, चार्जर युनिटमध्ये आणि महावितरणचं बिलही युनिटमध्येच. एकदा ही सवय लागली की रेंज, घरचं चार्जिंग आणि खर्च हे तिन्ही एकाच हिशेबात बसतात.

रेंजचा हिशेब

समजा बॅटरी ४५ युनिटची आहे. खालचे १० टक्के अडीअडचणीला ठेवायचे, म्हणजे हातात ४० युनिट. ३० युनिटची असेल तर २७. आता गाडी १०० किलोमीटरला किती युनिट खाते ते बघायचं. मध्यम आकाराच्या एसयूव्हीला सपाट रस्त्यावर, हलका एसी लावून, साधारण असं पडतं: ताशी ८० ला १३ युनिट, १०० ला १७, ११० ला १९ ते २०. लहान हॅचबॅक असेल तर यातून १५-२० टक्के वजा करा.

म्हणजे त्याच ४० युनिटमध्ये ८० च्या वेगाने ३०० किलोमीटर होतात, १०० ने २३५ आणि ११० ने जेमतेम २०५. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. कंपनीच्या पत्रकातला रेंजचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा असतो. रस्त्यावर त्याच्या ६५ ते ७५ टक्के धरून चाला, म्हणजे फसगत होणार नाही.

गाडीच्या स्क्रीनवर खर्चाचा आकडा शोधा. काही गाड्या वॉट-अवर प्रति किलोमीटर दाखवतात, काही किलोमीटर प्रति युनिट. १३० वॉट-अवर म्हणजे १०० किलोमीटरला १३ युनिट, म्हणजेच युनिटला ७.७ किलोमीटर. ट्रिप मीटर शून्यावर आणून नेहमीच्या रस्त्यावर चारपाच फेऱ्या मारा. तुमचा स्वतःचा आकडा निघेल आणि तोच खरा. इथे दिलेले आकडे तोवर कामचलाऊ.

आता जळगाव ते नाशिक हा नेहमीचा प्रवास घेऊ. धुळ्यामार्गे साधारण २५० किलोमीटर. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, नाशिक सहाशेच्या आसपास, म्हणजे चारशे मीटर चढायचे. चौघं आणि सामान धरून गाडीचं वजन १९०० किलो असेल तर एवढ्या चढाला अडीच युनिट जादा लागतात. ८० ने गेलात तर ३२.५ अधिक २.५, एकूण ३५ युनिट. ४५ पैकी १० उरतात, निवांत पोहोचता. १०० ने गेलात तर ४२.५ अधिक २.५, म्हणजे बरोब्बर ४५. म्हणजेच पोहोचत नाही. मे महिना असेल तर एसीचे आणखी तीन युनिट जोडा आणि ८० ने जात असलात तरी वाटेत वीस मिनिटं चार्जिंगला थांबा. येताना उतार आहे, त्यामुळे तोच प्रवास तीन-चार युनिट कमीत होतो.

घाटाचा ठोकताळा सोपा आहे: भरलेल्या गाडीला १०० मीटर चढायला सुमारे ०.६ युनिट. शहाद्याहून तोरणमाळ ५०-५५ किलोमीटर असलं तरी चढ हजार मीटरच्या घरातला आहे. रस्त्याचे सात आणि चढाचे सहा मिळून तेरा युनिट लागतात. सपाटीवर तेवढ्यात शंभर किलोमीटर झाले असते. यातला बराचसा भाग उतरताना रिजनमधून (मोटरच गाडी रोखत वीज बनवते त्यातून) परत मिळतो, पण एका अटीवर: बॅटरीत जागा हवी. वर मुक्कामाला सॉकेट मिळालं म्हणून रात्रभर लावून १०० टक्के केली, तर सकाळी उतरताना रिजन जवळपास बंदच असतं. परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो, आणि नुसता अॅक्सिलरेटर सोडून गाडी हळू करायची सवय झालेल्या चालकाला पहिल्याच वळणावर दचकायला होतं. वर चार्ज केलंच तर ८५ टक्क्यांवर थांबवा. कन्नडचा घाट आणि अजिंठ्याचा घाट यांनाही हेच लागू.

वाऱ्याचा विचार फारसं कुणी करत नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. मेच्या शेवटापासून पावसाळाभर पश्चिमेचा वारा जोरात असतो. धुळ्याहून साक्री, कोंडाईबारी, नवापूर करत सुरतकडे जाताना तो थेट तोंडावर येतो. समोरून ताशी २५ चा वारा असेल तर ८० ने चालणाऱ्या गाडीला हवा १०५ ची लागते आणि खर्च १३ वरून १७ युनिटवर जातो. रेंज एकाएकी घटली म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन लावण्याआधी रस्त्याकडेचं झाड कुठे वाकलंय ते बघा. येताना हाच वारा पाठीशी असतो.

ऊन आणि एसी

‘एसीने रेंज मरते’ हे अर्धंच खरं आहे. ४४ अंशांत उन्हात उभी असलेली गाडी थंड करायला सुरुवातीला एसी अडीच-तीन किलोवॉट ओढतो, नंतर एक ते दीडवर स्थिरावतो. तो तासावर खातो, किलोमीटरवर नाही. हायवेला ८० ने १०० किलोमीटर सव्वा तासात होतात, म्हणजे एसीचे दीड युनिट. गावात, फाटकावर, बाजारात सरासरी २५ ने तेच १०० किलोमीटर व्हायला चार तास लागतात, म्हणजे पाच युनिट. थोडक्यात, हायवेला एसी बंद करून तापत बसण्यात काही हशील नाही. ९० वरून ८० वर आलात तर तेवढेच वाचतात आणि थंडाव्याने प्रवास होतो.

निघण्याआधी दहा मिनिटं, चार्जर लावलेला असतानाच, मोबाईलवरून एसी सुरू करण्याची सोय बहुतेक गाड्यांत आहे. तो पहिला मोठा खर्च मग बॅटरीतून न जाता भिंतीतून जातो.

बॅटरीच्या तब्येतीसाठी मात्र ऊन गांभीर्याने घ्या. जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो हे सांगायला नको. सगळ्यात वाईट जोड म्हणजे १०० टक्के चार्ज आणि कडक ऊन, तेही दिवसेंदिवस. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा, सावलीत. लग्नसराईला लांब जायचं असेल तर १०० करा, पण निघायच्या वेळेला पूर्ण होईल असं. रात्री दहाला लावून दोनला भरलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उन्हात उभी ठेवण्यात तोटाच आहे.

रोज किती टक्के करायचं हे बॅटरीच्या जातीवर ठरतं. पुस्तिकेत बघा किंवा डीलरकडे विचारा, एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) आहे की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). एनएमसी असेल तर रोज ८० टक्के, लांबच्या प्रवासालाच १००. एलएफपी उष्णतेला आणि पूर्ण चार्जला जास्त सोशिक असते. तिची अडचण वेगळी आहे. तिचा व्होल्टेज बराच काळ जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे किती टक्के उरले हे गाडीला नीट कळत नाही. महिनोन् महिने ३० ते ८० मध्येच फिरवली की स्क्रीन चुकायला लागते: १५ टक्के दाखवता दाखवता एकदम ६ वर येते. म्हणून एलएफपीला आठवड्या-पंधरवड्यातून एकदा, पुस्तिकेत सांगितलं असेल तसं, घरच्या संथ चार्जरवर १०० पर्यंत जाऊ द्या.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा, दारावरच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढी. दुपारी हायवेवर तपासली तर चार-पाच पीएसआय जास्त दिसते. ती काढू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचं निघेल आणि कमी हवेचं टायर युनिट खातं.

आणि हो, बारा व्होल्टची छोटी बॅटरी ईव्हीतही असते. उन्हाने ती साध्या गाडीइतकीच लवकर थकते. ती बसली की मोठी बॅटरी ९० टक्के असूनही दार उघडत नाही. दोन-तीन उन्हाळे झाले की तपासून घ्या.

घरी चार्जिंग: आधी किती लागतं ते बघा

दिवसाला ४०-५० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ६-७ युनिट लागतात. चार्जिंगमध्ये १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर ७-८ पडतात. गाडीसोबत येणारा १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर ताशी सुमारे ३.३ युनिट ओढतो, त्यातले २.९ बॅटरीत पोहोचतात. रोजची गरज अडीच तासांत भागते. रात्रीच्या आठ तासांत २३ युनिट भरतात, म्हणजे १७० किलोमीटर.

म्हणून ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर डीलर आग्रहाने गळ्यात मारत असेल तर आधी हा हिशेब करा. रोज दीडशे किलोमीटरच्या वर फिरणं असेल, किंवा गावात रात्रीची वीज सलग मिळत नसेल आणि मिळेल त्या तीन तासांत भरून घ्यायचं असेल, तर तो कामाचा. एरवी चांगलं बसवलेलं १५ अँपिअरचं सॉकेट पुरतं. इथे ‘चांगलं बसवलेलं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण गिझर दहा मिनिटं चालतो आणि गाडी आठ तास.

पहिलं काम, बिलावर ‘मंजूर भार’ बघा. जुन्या घरांना एक-दोन किलोवॉट असतो. गाडी ३.३, एसी दीड, पाण्याची मोटर पाऊण, गिझर दोन. सगळं एका वेळी चालू झालं की खांबावरचा फ्यूज जातो किंवा मीटरकडे येणाऱ्या जुन्या अॅल्युमिनियम सर्व्हिस वायरचा सांधा जळतो. भार वाढवण्याचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा अॅपवरून करता येतो. ७.२ किलोवॉट बसवणार असाल तर थ्री फेजबद्दल तेव्हाच विचारून घ्या, आणि चार्जर ज्या फेजवर जाईल त्यावरून एसी आणि मोटर हलवा.

स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज केली तर घरगुतीच दर लागतो. दुकानाच्या मीटरवर लावली तर दुकानाचा. मळ्यातल्या कृषिपंपाच्या जोडणीवर मात्र लावू नका. मंजूर कामाखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरली म्हणून वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. शिवाय पंपाच्या लाइनवरचा व्होल्टेज रब्बीत असा खेळतो की चार्जरही टिकायचा नाही.

वायर, एमसीबी, सॉकेट

मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र लाइन ओढा. वाटेत कुठेही दुसरं सॉकेट किंवा पोर्चचा दिवा जोडलेला नको. १५ अँपिअरसाठी तांब्याची ४ स्क्वेअर एमएम वायर. वायरमन म्हणेल अडीचची पुरते. कागदावर पुरतेही. पण वायरचे आकडे साधारण तापमानासाठी असतात. आपल्याकडे पाइप स्लॅबवरून उन्हात जातो आणि मेमध्ये आतली हवा ५५ अंशांवर असते. तिथे अडीचच्या वायरची ताकद दोनतृतीयांशापर्यंत उतरते आणि आठ तास सलग पंधरा अँपिअर तिला झेपत नाहीत. ७.२ किलोवॉटला ३२ अँपिअर लागतात. अंतर पंधरा-वीस मीटरपर्यंत असेल तर ६ स्क्वेअर एमएम, त्याहून लांब किंवा उन्हातून असेल तर १०. अॅल्युमिनियम वायर नको.

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, १५ अँपिअरच्या सॉकेटला २० चा, ३२ अँपिअरच्या चार्जरला ४० चा, दोन्ही सी कर्व्ह, डबल पोल. इथली एक नेहमीची तक्रार म्हणजे एमसीबी दुपारी पडतो आणि रात्री पडत नाही. कारण साधं आहे. एमसीबी ३० अंशांवर मोजून बनवलेला असतो. पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या डब्यात बसवला की आत ५५-६० अंश होतात आणि तो लिहिलेल्या करंटच्या आधीच पडतो. उपाय डबा सावलीत हलवण्याचा. वायर तीच ठेवून मोठा एमसीबी टाकणं म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणं.

एमसीबीच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवाच, ‘टाइप ए’, साधा ‘टाइप एसी’ नाही. भिंतीवरच्या चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखायची सोय आहे का ते पुस्तिकेत बघा. नसेल तर टाइप बी लागतो आणि तो महाग आहे. आरसीसीबी लावल्या लावल्या पडत असेल तर दहात नऊ वेळा वायरमनने न्यूट्रल दुसऱ्या लाइनमधून उचललेला असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच आरसीसीबीतून निघायला हवेत. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

सॉकेट जाड, नामवंत कंपनीचं, १६ अँपिअरचं घ्या. निळं गोल औद्योगिक सॉकेट आणखी चांगलं, पण तुमच्या चार्जरचा प्लग त्याला जुळतो का ते आधी बघा. नवं सॉकेट बसवल्यावर पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लग काढून पिना आणि सॉकेटचं तोंड हाताने तपासा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर आतली पकड सैल आहे किंवा स्क्रू नीट आवळलेला नाही. प्लास्टिक पिवळट-तपकिरी पडणं आणि जळका वास ही पुढची पायरी. तिथून पुढे सॉकेट बदलण्यावाचून इलाज नाही. एक्स्टेंशन बोर्ड, थ्री-पिनचा अॅडॉप्टर, कूलरची वायर, यांतलं काहीही मध्ये नको. जास्तीत जास्त आगी याच जोडांवर लागतात.

अर्थिंग

नव्या मालकांची सर्वांत मोठी डोकेदुखी हीच. चार्जरवर लाल दिवा लागतो, ‘अर्थ फॉल्ट’ येतं आणि दोष गाडीला दिला जातो. आपल्याकडच्या किती घरांत तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते हे तेव्हा कळतं. फ्रिज आणि टीव्ही त्याशिवाय चालतात, गाडी चालत नाही.

स्वतंत्र अर्थिंग करा. ४० एमएम व्यासाचा जीआय पाइप, किमान अडीच मीटर लांब, उभा, भोवती कोळसा-मीठ किंवा बेंटोनाइट या चिकणमातीची पूड. वर झाकण आणि पाणी ओतायला नळकांडं. अर्थची तार सॉकेटपर्यंत सलग, सांधा नको. अर्थ टेस्टरने मोजल्यावर रोध ५ ओहमच्या खाली यायला हवा. तापीकाठच्या खोल गाळाच्या जमिनीत एक पाइप बहुधा भागतो. साक्री, पारोळ्याकडच्या मुरमाड जागी किंवा खाली लगेच काळा दगड लागत असेल तर दोन पाइप लागतात, आणि ते एकमेकांपासून तीन मीटर तरी लांब. शेजारी शेजारी ठोकले तर दुसऱ्याचा फायदा फारसा मिळत नाही.

काळी माती फेब्रुवारीनंतर भेगाळते आणि पाइपापासून सुटते. जानेवारीत ३ ओहम असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये १५ होतं आणि हिवाळाभर नीट चालणारा चार्जर उन्हाळ्यात अचानक रुसतो. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या नळकांड्यात ओता. बेंटोनाइट ओल धरून ठेवतं, म्हणून काळ्या मातीत कोळशा-मिठापेक्षा ते बरं. शिवाय मिठाने जीआय पाइप काही वर्षांत खाल्ला जातो.

घरच्या मल्टिमीटरने प्राथमिक तपासणी होते, पण हात सराईत हवा, नाहीतर वायरमनकडूनच करून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ तीन व्होल्टच्या आत. गाडी चार्जिंगला असताना न्यूट्रल-अर्थ पाच-सहाच्या वर जात असेल तर न्यूट्रलचा सांधा कुठेतरी सैल आहे.

एक जुगाड सर्रास चालतो आणि तो जीवघेणा आहे: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थच्या पिना तारेने जोडायच्या. चार्जरचा दिवा हिरवा होतो, वायरमन पैसे घेऊन जातो. पुढे कधी खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटला, की गाडीच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. दाराला हात लावणारं पोरगंही असू शकतं. वायरमन पाच मिनिटांत ‘अर्थिंग करून दिलं’ म्हणाला, तर सॉकेट उघडून दाखवायला सांगा.

व्होल्टेज, भारनियमन, बिल

गावठाणात संध्याकाळी १८५-१९० व्होल्ट असणं नवलाचं नाही. चार्जर करंट वाढवत नाही, त्यामुळे १९० वर १५ अँपिअरने ३.३ ऐवजी २.८ युनिटच मिळतात, आणि १८० च्या खाली बरेच चार्जर थांबतात. रात्री अकरानंतर व्होल्टेज सुधारतो, शिवाय मेमध्ये हवाही तेव्हा जरा उतरलेली असते. गाडीत किंवा अॅपवर चार्जिंगची वेळ बारा ते सहा लावून द्या. करंट कमी करायची सोय असेल तर १० अँपिअरवर ठेवून बघा. पडलेल्या लाइनवर संथ पण न थांबता चालतं.

वीज गेली की बहुतेक चार्जर ती आल्यावर आपोआप पुढे सुरू होतात. खरा धोका वीज येताना असतो, आणि न्यूट्रल तुटल्यावर २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्ट येतात तेव्हा. लाइनवर ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले (व्होल्टेज फार चढला-पडला की लाइन तोडणारा) बसवा, १८० ते २६५ वर, परत जोडायला तीन ते पाच मिनिटांचा उशीर ठेवून. वळिवाच्या विजांसाठी टाइप २ एसपीडी (विजेचा अचानक झटका अर्थमध्ये सोडणारं उपकरण), आणि आभाळ कडाडायला लागलं की प्लग काढलेला बरा. घरच्या इन्व्हर्टरवर गाडी लावू नका, तो काही सेकंदांत ओव्हरलोड होईल. भाड्याच्या जनरेटरवर बहुतेकदा अर्थ फॉल्टच येतो, कारण त्याचा न्यूट्रल अर्थला बांधलेला नसतो.

बिलाचं गणित टप्प्यांवर आहे. महिन्याला १२०० किलोमीटर म्हणजे १६८ युनिट, तूट धरून मीटरवर १९०. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. हिवाळ्यात १८० युनिट वापरणारं घर गाडीमुळे ३७० वर जातं, म्हणजे गाडीचे ७० युनिट तिसऱ्या टप्प्याच्या दराने. उन्हाळ्यात एसी-कूलरमुळे घरच ३०० ओलांडत असेल तर गाडीचा प्रत्येक युनिट वरच्या दराने. म्हणून खर्च काढताना सरासरी दर नको, तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवा.

टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारा) लागला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला सवलत आहे. गाडी दिवसा घरी असते त्यांनी, निदान ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तेव्हा लावावी. छतावर सोलर असेल तर प्रश्नच नाही. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे, आणि आपल्याकडचं ऊन दिवसाला सुमारे १२ युनिट देतं. गाडीचे ७-८ त्यातून निघतात.

सोसायटीत असाल तर लाइन तुमच्या मीटरपासूनच पार्किंगपर्यंत न्या, परवानगी लेखी घ्या. कॉमन मीटरवरून घेतलेल्या विजेवरून भांडण ठरलेलं.

बाहेरचा फास्ट चार्जर

चार्जरची गन (गाडीत घालायचा प्लग) सीसीएस२ या प्रकारची आहे ना, ते बघा. स्टेशनवर ६० किलोवॉट लिहिलेलं असलं तरी दोन गन लागल्या की बरीच यंत्रं ३०-३० वाटतात. ४५ युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्के, म्हणजे २७ युनिट, ३० च्या वेगाने तासाभरात होतात. जेवायला शेवभाजी सांगितली तर पोळ्या संपेस्तोवर काम होतं. ८० च्या पुढे गाडीच वेग कमी करते, शेवटच्या २० टक्क्यांना पहिल्या ६० इतका वेळ लागू शकतो. तिथे अडून बसण्यापेक्षा पुढच्या स्टेशनपर्यंत पुरतील एवढे युनिट घेऊन निघा.

मेच्या दुपारी हायवेवरून तापून आलेली बॅटरी पूर्ण वेगाने चार्ज होत नाही. गाडी स्वतःच हात आखडता घेते, यंत्र बिघडलेलं नसतं. सावलीचं स्टेशन निवडा आणि शेवटचे पाच-सात किलोमीटर सावकाश चालवा. शक्य असेल तर लांबचा प्रवास पहाटे चारला सुरू करा.

दोन-तीन कंपन्यांची अॅप्स घरीच नोंदणी करून, वॉलेटमध्ये थोडे पैसे टाकून ठेवा. घाटाच्या पायथ्याशी ओटीपी येत नाही. नकाशावर स्टेशन दिसतं म्हणजे ते चालू आहे असं समजू नका, शेवटचं चार्जिंग कोणत्या तारखेला झालं ते बघा किंवा पंपावर फोन करा. पुढचं स्टेशन बंद निघालं तर त्याच्याही पुढच्यापर्यंत किंवा मागे परत येण्यापुरते युनिट असल्याशिवाय निघू नका. मोठ्या शहरांपेक्षा इथे ही शिस्त जास्त पाळावी लागते. पोर्टेबल चार्जर डिकीत कायम असू द्या. १५ अँपिअरचं अर्थिंगवालं सॉकेट असलेल्या लॉजवर मुक्काम झाला की सकाळपर्यंत २३ युनिट मिळालेले असतात.

पावसाळ्यापूर्वी

पोर्टेबल चार्जरचा डबा जमिनीवर किंवा डबक्यात लोळत ठेवू नका, खुंटीला टांगा. सॉकेट जमिनीपासून मीटरभर वर, छपराखाली, झाकणाचं. पावसात चार्जिंग चालतं, पण गनच्या तोंडात पाणी किंवा माती गेली असेल तर झटकून, पूर्ण वाळल्यावरच लावा. धान्य भरलेल्या घरांत आणि केळीच्या बागेजवळ उंदीर असणारच, आणि त्यांना केबल आवडते. दर पंधरा दिवसांनी गाडीखाली टॉर्च मारून बघा. नारिंगी वेष्टनाच्या वायरवर दातांच्या खुणा दिसल्या तर हात लावू नका, ती बॅटरीची उच्च दाबाची वायर आहे. गाडी बंद करून थेट सर्व्हिस सेंटरला कळवा, गॅरेजवाल्याकडून टेप गुंडाळून घेऊ नका.